उणे ८० अंशांवरची उलाढाल

ओझोनच्या भोकाची गोष्ट शाळेत शिकवतात ती अर्धीच असते. फ्रिजमधला आणि स्प्रेच्या डब्यातला क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, वर गेला, त्यातल्या क्लोरिनने ओझोन खाल्ला, भोक पडलं. चार मार्कांच्या उत्तराला एवढं पुरतं. पण एखाद्या चौकस पोराने हात वर करून विचारलं, ‘सर, फ्रिज अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये, मग भोक अंटार्क्टिकावर कसं?’ तर बहुतेक वर्गांत नेमकी तेव्हाच तास संपल्याची घंटा होते.

प्रश्न रास्त आहे. जगभरात वापरलेल्या सीएफसीपैकी बहुतांश उत्तर गोलार्धात हवेत सुटला. दक्षिण ध्रुवावर कारखाने नाहीत, आणि फ्रिजची तर कोणाला गरजच नाही. शिवाय हे भोक बारमाही नसतं. ऑगस्टअखेर ते पडू लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात खोल जातं आणि बहुधा डिसेंबरापर्यंत भरून येतं. जागा तीच का आणि महिने तेच का, याचं उत्तर एकट्या सीएफसीत सापडत नाही. ते सापडतं बर्फात. जमिनीवरच्या नव्हे, १५ ते २५ किलोमीटर उंचीवर तरंगणाऱ्या, सुटा पाहू गेलं तर डोळ्यांना दिसणारही नाही अशा कणांच्या पृष्ठभागावर.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हॅली नावाचं ब्रिटिश संशोधन केंद्र आहे. १९५६ पासून तिथे डॉबसन उपकरणाने डोक्यावरचा ओझोन मोजला जातो. मोजमापाचं एककही डॉबसनच. वातावरणातला सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला नुसता पसरला, तर त्याचा थर किती जाड होईल, हे त्यातून कळतं. १०० डॉबसन म्हणजे १ मिलिमीटर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास, म्हणजे अवघे ३ मिलिमीटर. ज्या कवचाबद्दल एवढं बोललं जातं ते इतकं पातळ आहे.

हॅलीला ऑक्टोबरातला आकडा सुरुवातीला ३०० च्या आसपास असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो घसरू लागला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फारमन यांना आधी आपल्या जुन्या उपकरणाचाच संशय आला. दुसरं उपकरण पाठवलं, त्यानेही तेच सांगितलं. १९८४ पर्यंत ऑक्टोबरचा आकडा २०० च्या खाली गेला होता. फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा लेख मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि खळबळ उडाली.

इथे एक दंतकथा चिकटलेली आहे. ‘नासाच्या उपग्रहाला हे आधीच दिसत होतं, पण संगणकाने ते आकडे चुकीचे समजून फेकून दिले.’ ऐकायला झकास. पण तसं झालं नव्हतं. निंबस-७ उपग्रहाच्या प्रणालीत १८० च्या खालच्या आकड्यांवर फक्त ‘शंकास्पद’ अशी खूण पडत होती, आकडे जपलेले होते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन भारतिया आणि त्यांचे सहकारी त्या खुणा पाहून चक्रावले आणि त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राची नोंद ताडून पाहिली. तिथे ३०० च्या घरातला आकडा होता. पुढे निघालं असं, की चूक त्या जमिनीवरच्या नोंदीत होती, उपग्रह बरोबर होता. भारतिया यांनी १९८५ च्या ऑगस्टमध्ये प्राग इथल्या परिषदेत अंटार्क्टिकाएवढ्या विस्ताराच्या त्या खड्ड्याचा नकाशा दाखवला. ‘भोक’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो असे नकाशे पाहून.

खरी पंचाईत आकड्यांची नव्हतीच, सिद्धांताची होती. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं, की सीएफसी खाली कशाशीही अभिक्रिया करत नाही, म्हणून तो तपांबर ओलांडून स्थितांबरात पोचतो. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटलेला क्लोरिन ओझोनचा फडशा पाडतो. हे बरोबर होतं; याच कामासाठी १९९५ चं नोबेल त्यांना पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर विभागून मिळालं. पण त्यांच्या गणिताने घट सांगितली होती ती मुख्यत्वे ४० किलोमीटरच्या आसपास, सावकाश आणि काही टक्क्यांची. हॅलीवर दिसत होती ती घट थेट ४० टक्क्यांच्या घरातली, तीही १५-२० किलोमीटरवर, आणि दरवर्षी मोजक्या आठवड्यांत होणारी. त्या उंचीवर तर क्लोरिन निरुपद्रवी असायला हवा होता.

तो निरुपद्रवी का, हे बँकेच्या भाषेत चटकन कळतं. मोकळा क्लोरिन म्हणजे हातातली रोकड, ती लगेच खर्च होते. पण खालच्या स्थितांबरात क्लोरिन फार काळ मोकळा राहत नाही. मिथेनशी गाठ पडली की त्याचा हायड्रोजन क्लोराइड होतो. ओझोनशी भिडून क्लोरिन मोनॉक्साइड झाला, तर त्याला नायट्रोजन डायऑक्साइड पकडतो आणि क्लोरिन नायट्रेट बनतो. या झाल्या क्लोरिनच्या दोन मुदत ठेवी. जवळपास सगळा क्लोरिन यांतच अडकलेला असतो आणि ठेवीतल्या क्लोरिनला ओझोनशी काही देणंघेणं नसतं. हे दोन वायू हवेत एकमेकांवर आदळले तरी काही घडत नाही. त्यांच्यातली अभिक्रिया वायुरूपात इतकी मंद आहे, की ती नाहीच असं धरून चालतं. तेव्हाच्या सगळ्या संगणकीय प्रतिमानांत म्हणूनच वायू होते आणि फक्त वायूच होते. वायू-वायूंमधल्या शेकडो अभिक्रिया त्यांत काळजीपूर्वक मांडलेल्या. ढग, थेंब, धूळ यांचा मात्र जवळपास पत्ता नाही. प्रयोगशाळेत हे वायू हाताळणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, की भांड्याच्या भिंतीवर क्लोरिन नायट्रेट झपाट्याने नष्ट होतो. पण ती प्रयोगातली कटकट मानली जाई. आकाशात भिंती कुठून येणार?

भिंती होत्या, आणि त्या दिसतही होत्या. ध्रुवसंशोधक स्कॉटच्या शेवटच्या मोहिमेतला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन याने १९११ च्या ऑगस्टमध्ये अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्सवरून जलरंगात रंगवलेले ढग पाहावेत. सूर्य क्षितिजाखाली, जमीन अंधारात, आणि वर गुलाबी-हिरव्या झळाळीचे पट्टे. एवढ्या उशिरा ढग उजळलेला दिसतो याचा अर्थ तो फार उंच आहे. स्थितांबरात एरवी ढग नसतातच, कारण तिथली हवा कमालीची कोरडी असते. दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच. एवढ्याशा बाष्पाचा बर्फ व्हायला तापमान उणे ८५ अंशांपर्यंत घसरावं लागतं. त्याआधी उणे ७८ च्या सुमारास दुसऱ्या प्रकारचे कण जमू लागतात. त्यांत नायट्रिक ॲसिडच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू घन रूपात बांधलेले असतात. १९७८ मध्ये निंबस-७ वरच गेलेल्या एका वेगळ्या उपकरणाने दाखवून दिलं, की हे ढग क्वचित दिसणारी मौज नसून अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात ते भरपूर असतात. मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्यांना ‘ध्रुवीय स्थितांबरी ढग’ असं शास्त्रीय नाव दिलं. त्यांना रसायनशास्त्रात काही स्थान असेल, हे तेव्हा कोणाच्या फारसं डोक्यात नव्हतं.

इतकी थंडी तिथेच का? हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही. हवा उष्णता बाहेर टाकत निवत जाते आणि तिच्याभोवती ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यांचं कडं तयार होतं. बाहेरची उबदार हवा आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. अंटार्क्टिका चहूबाजूंनी समुद्राने वेढलेली असल्याने या कड्याला धक्के देणारं फारसं काही नसतं. उत्तर ध्रुवाभोवती खंड आहेत, पर्वत आहेत. त्यांच्यावरून उठणाऱ्या प्रचंड लहरी वर जाऊन तिथलं कडं हेलकावतात, कधी मोडूनही टाकतात. म्हणून आर्क्टिकचं स्थितांबर सरासरीने बरंच उबदार राहतं आणि तिथे एवढं खोल भोक सहसा पडत नाही. जेव्हा कडं टिकलं आणि थंडी लांबली, तेव्हा तिथेही ओझोन जोरात घटला. २०११ आणि २०२० चे वसंत ऋतू ही त्याची उदाहरणं.

आता त्या कणाजवळ जाऊ. बर्फाचा पृष्ठभाग आपण समजतो तसा घट्ट नसतो. आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेलं असतं, पण सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूंची एखादी बाजू उघडी राहते. ते हलते, सैल असतात. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू अशा पृष्ठभागावर आदळला, की तो चिकटतो आणि पाण्याचे रेणू त्याला घेरून त्याची फोड करतात. धनभारित हायड्रोजन एकीकडे, ऋणभारित क्लोराइड दुसरीकडे. हवेत असताना हे घडणं शक्य नव्हतं. पाण्याच्या रेणूंचा आधार मिळाला म्हणून ते घडलं. मग वरून क्लोरिन नायट्रेटचा रेणू येतो. त्याच्यातला क्लोरिन किंचित धनभाराकडे झुकलेला, आणि खाली ऋणभारित क्लोराइड तयारच बसलेला. दोन क्लोरिन एकत्र येतात, क्लोरिन वायूचा रेणू बनतो आणि उडून जातो. मागे नायट्रिक ॲसिड उरतं, ते बर्फालाच धरून राहतं.

मोलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हेच प्रयोगशाळेत, उणे ७३ अंशांच्या आसपास बर्फावर करून पाहिलं. क्लोरिन वायू बर्फ सोडून बाहेर पडायला काही मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नव्हता. क्लोरिन नायट्रेटच्या दर शंभर टकरांमागे पाच ते दहा टकरा अभिक्रियेत संपत होत्या. नंतरच्या मोजणीत हा आकडा शुद्ध बर्फावर तीसच्या आसपास गेला. जी अभिक्रिया हवेत होतच नाही, ती पृष्ठभाग मिळताच दर तीन-चार टकरांत एकदा! त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मार्गारेट टॉलबर्ट आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. थोडक्यात, दोन्ही ठेवी बर्फावर एकाच वेळी मोडतात.

पण नुसती ठेव मोडून भागत नाही, ती परत जमा होता कामा नये. या गोष्टीचा हा भाग लोकांपर्यंत सहसा पोचत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यांत चलाख आहे. मोकळ्या क्लोरिन मोनॉक्साइडला पुन्हा अडकवायला नायट्रोजन डायऑक्साइड लागतो. हेच ढग तोही काढून घेतात. नायट्रोजनची सक्रिय संयुगं कणांवर पाण्याशी संयोग पावून नायट्रिक ॲसिड होतात आणि कणातच मुरतात. कण मोठे झाले, की हळूहळू खाली उतरतात आणि नायट्रोजन आपल्याबरोबर घेऊन त्या थरातून कायमचे जातात. हिवाळा संपताना त्या कड्याच्या आत अशी हवा उरते, की जिच्यात क्लोरिन मोकळा आहे आणि त्याला बांधायला कोणी नाही.

आता फक्त उजेड हवा. ऑगस्टअखेर सूर्य क्षितिजावर डोकावतो. क्लोरिन वायूचा रेणू फोडायला प्रखर अतिनील किरण लागत नाहीत, कोवळा प्रकाशही पुरतो. सुटलेला प्रत्येक अणू एका ओझोनला मोडतो आणि क्लोरिन मोनॉक्साइड होतो. एरवी पुढचा फेरा सुरू व्हायला ऑक्सिजनचा सुटा अणू लागतो आणि १५-२० किलोमीटरवर तसे अणू नगण्य. इथेही थंडी धावून येते. मारिओ आणि लुईसा मोलिना यांनी दाखवलं, की क्लोरिन मोनॉक्साइडचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. उबदार हवेत ही जोडी तुटून जाते, थंडीत टिकते. सूर्यप्रकाश जोडी फोडतो, दोन्ही क्लोरिन पुन्हा मोकळे. ऑक्सिजनच्या सुट्या अणूची गरजच संपली. सप्टेंबरभर ओझोन दिवसाला एक-दोन टक्क्यांनी घटत जातो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात तो जवळजवळ उरतच नाही. डोक्यावरचा एकूण थर ३ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरच्या आसपास येतो. असा प्रदेश २ कोटी चौरस किलोमीटरहून मोठा होऊ शकतो, भारताच्या सहापटीहून अधिक.

ढगांवरच्या या अभिक्रियेची कल्पना सुझन सॉलोमन, रोलंडो गार्सिया, रोलंड आणि डोनाल्ड वेबल्स यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. त्याच वर्षी क्रुट्झन आणि फ्रँक आर्नोल्ड यांनी, तसंच ब्रायन टून यांच्या गटाने, नायट्रिक ॲसिडच्या ढगांची बाजू पुढे आणली. पण मैदानात आणखी दोन मतं होती. एक म्हणे, सूर्याच्या वाढलेल्या तेजामुळे नायट्रोजनची संयुगं वाढली आणि त्यांनी ओझोन मारला. दुसरं म्हणे, रसायन वगैरे काही नाही. खालची ओझोनरहित हवा वर ढकलली जाते आहे. घरात बसून हा वाद मिटणारा नव्हता.

ऑगस्ट १९८६ मध्ये तीस वर्षांच्या सॉलोमन मोजमापासाठी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर पोचल्या. या मोहिमेच्या त्या प्रमुख होत्या. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाचं एका उपकरणात पृथक्करण करून वाटेत कोणते वायू आहेत ते त्या ओळखत. सूर्य नसताना प्रकाश कुठला? चंद्राचा. छतावर आरसे लावून चांदणं खाली उपकरणात आणायचं, आणि चंद्र सरकला की त्या थंडीत वर जाऊन आरसे पुन्हा जुळवायचे. क्लोरिनचे मोकळे ऑक्साइड अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र कमी होता, म्हणजे सूर्याच्या तेजाचा सिद्धांत बाद. खालून हवा वर येत असती तर नायट्रस ऑक्साइड वाढलेला दिसायला हवा होता, तोही कमीच. दुसरा सिद्धांतही बाद.

पुढच्या वर्षी चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचं ईआर-२ हे एका वैमानिकाचं विमान साडेअठरा किलोमीटर उंचीवरून थेट त्या कड्यात शिरलं. हार्वर्डचे जेम्स अँडरसन यांचं क्लोरिन मोनॉक्साइड मोजणारं उपकरण त्याच्या पंखाखाली होतं. २३ ऑगस्टच्या फेरीत कड्याच्या आत क्लोरिन मोनॉक्साइड भरपूर, पण ओझोन अजून जागेवर. १६ सप्टेंबरच्या फेरीत क्लोरिनची रेघ जिथे वर उसळते, नेमकी तिथेच ओझोनची रेघ कोसळते. एकीच्या प्रत्येक उंचवट्यासमोर दुसरीचा खळगा. त्यानंतर वाद घालण्यासारखं फार काही उरलं नाही.

आणि योगायोग पाहा. त्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९८७ ला, कॅनडात माँट्रियल करारावर सह्या होत होत्या. करार करणाऱ्यांच्या हातात हा आलेख नव्हता. अंटार्क्टिकाचं कारण सिद्ध झालेलं नाही, म्हणून ते वाटाघाटीतून मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. तरीही करार झाला. पुरावा पूर्ण व्हायची वाट न पाहता सरकारं एकदा तरी शहाणपणाने वागली, याची ही नोंद आहे. पुढे पुरावा आल्यावर तो करार एकामागून एक दुरुस्त्यांनी कडक होत गेला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला.

पुढच्या संशोधनाने चित्र थोडं बदललं. घन बर्फच हवा असं नाही. अतिथंड झालेले गंधकाम्ल, नायट्रिक ॲसिड आणि पाणी यांचे द्रवरूप थेंबही हे काम करतात, आणि बराच मोठा वाटा त्यांचाच असतो. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, गंधकाम्लाचे थेंब जगभर पसरले आणि ध्रुवांपासून दूरच्या प्रदेशांतही पुढची दोन वर्षं ओझोन खालावला. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर स्थितांबरात गेला, तेव्हा त्या कणांमध्येही हायड्रोजन क्लोराइड मुरत असल्याचं सॉलोमन यांच्याच गटाने २०२३ मध्ये मांडलं. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीने तर सुमारे १५ कोटी टन पाणीच वर फेकलं. स्थितांबरातल्या एकूण बाष्पात त्याने एका फटक्यात दहा टक्क्यांच्या आसपास भर घातली, आणि बाष्प वाढलं की असे कण जमणंही सोपं होतं.

मग आपल्या डोक्यावर का नाही भोक? थंडी तर आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रावर १६-१७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० च्या आसपास उतरतं, बर्फाचे विरळ ढगही असतात. पण विषुववृत्ताजवळची हवा नुकतीच खालून वर आलेली असते. तिच्यातला सीएफसी अजून अखंड असतो, म्हणजे ठेव ठेवायला क्लोरिन सुटलेलाच नसतो. तो सुटतो पुढच्या काही वर्षांत, ती हवा आणखी वर चढून ध्रुवांकडे सरकते तेव्हा. उत्तर गोलार्धात सोडलेला वायू दक्षिण ध्रुवावर उपद्रव करतो तो याच प्रवासामुळे; जगभरची हवा मिसळायला त्याच्याकडे दशकं असतात.

आपला संबंध मोजमापाचाही आहे. फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं उपकरण ॲना मणी यांच्या पुढाकाराने पुण्यात हवामान खात्यात तयार झालं. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकाला निघाली, आणि पुढे तिथल्या आपल्या केंद्रांवरून ओझोनचे फुगे नियमित सोडले जाऊ लागले. भोक कोणत्या उंचीवर किती खोल आहे, हे जमिनीवरून वर पाहून नीट कळत नाही. त्यासाठी थरांमधून जाणारा फुगाच लागतो.

सीएफसी-१२ हवेत सुमारे १०० वर्षं टिकतो, सीएफसी-११ पन्नासेक. त्यामुळे उत्पादन थांबलं तरी परिणाम लगेच ओसरणार नाही. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या आढाव्यानुसार अंटार्क्टिकाचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला २०६६ उजाडेल. तोवर दर हिवाळ्यात ढग जमणार आणि ठेवी मोडत राहणार. आपल्याकडच्या अनेक जुन्या एसींमध्ये अजून आर-२२ हा वायू आहे आणि त्यातही क्लोरिन आहे. असा एसी काढताना किंवा भंगारात देताना मेकॅनिकला नळी कापून गॅस हवेत सोडू देऊ नका. तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो. तसं सांगा, आणि चार पैसे जास्त पडले तरी द्या.